गड्याचे काम, बाईचे काम
(नांदेड-लातूरच्या श्रमबाजाराचा एक अभ्यास)

आपल्याकडे कुठल्याही गावात मजुरीचा दर विचारला तर एक आकडा कोणी सांगत नाही. गड्याला इतके आणि बाईला इतके, असे दोन आकडे एका दमात सांगितले जातात. सांगणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, ऐकणाऱ्यालाही वाटत नाही. फरक का, असे विचारलेच तर उत्तर तयार असते : कामच वेगळे आहे. हे उत्तर खोटे नाही, काम खरोखरच वेगळे आहे. परंतु ते वेगळे कोणी केले, आणि वेगळे केल्यावर त्याचे मोल कोणी ठरवले, हा खरा अभ्यासाचा प्रश्न आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यास व्यवसायांची लिंगाधारित विभागणी म्हणतात. प्रस्तुत लेखात या विभागणीचा विचार आपल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेत, आडत, कारखाना आणि कार्यालय डोळ्यांसमोर ठेवून करावयाचा आहे.

ही विभागणी दोन प्रकारची असते. स्त्रिया एका प्रकारच्या कामात आणि पुरुष दुसऱ्या प्रकारच्या कामात असतील तर ती आडवी विभागणी. एकाच कार्यालयात खालच्या पायरीवर स्त्रिया आणि वरच्या पायरीवर पुरुष असतील तर ती उभी विभागणी. आपल्या वाचकांना ही कल्पना नवी वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातीच्या उच्छेदावरील आपल्या निबंधात कामाची वाटणी आणि काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी यांतील भेद स्पष्ट केला होता. कामाची वाटणी सोयीसाठी असते व ती बदलता येते. माणसांची वाटणी मात्र जन्मावरून होते आणि पायऱ्यापायऱ्यांची असते. जातीला लावलेला हा निकष बाई-पुरुष भेदाला लावून पाहिला की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

शेतातील वाटणी

शेतीपासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण आपल्या भागातील बहुसंख्य स्त्रिया तिथेच आहेत. २०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे निम्मे शेतीत होते, तर स्त्रियांपैकी ७६ टक्क्यांहून अधिक. म्हणजे पुरुष शेतीतून बाहेर पडला. तो ऑटो चालवू लागला, शहरात बांधकामावर गेला, दुकानात लागला. बाई मात्र मागे राहिली.

शेतीच्या आतही वाटणी आहेच. नांगर, वखर, पेरणीची तिफण ही गड्याची कामे. बाईने नांगराला हात लावू नये, असा संकेत भारताच्या बऱ्याच भागांत होता. एस्टर बोसरप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७० साली स्त्रियांच्या आर्थिक विकासातील भूमिकेवर जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी हाच धागा पकडला आहे. जिथे नांगर आला तिथे शेती पुरुषाची झाली आणि बाई मदतनीस ठरली. खुरपणी, निंदणी, कापूस वेचणी, ज्वारीची कणसे मोडणे ही बाईची कामे ठरली. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाईच्या वाट्याला आलेल्या कामात अवजार हातभराचे असते, खुरपे किंवा विळा. बैल, इंजिन किंवा मोटार ज्याला जोडलेली आहे ते काम पुरुषाकडे जाते. बाईच्या अंगात बळ नाही म्हणून असे होते म्हणावे, तर ट्रॅक्टरचे स्टिअरिंग फिरवण्यापेक्षा दिवसभर वाकून पाथ काढणे सोपे आहे असे कोण म्हणेल?

गेल्या तीस वर्षांत आपल्या भागात सोयाबीन आले आणि ज्वारी मागे हटली. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी देशभर ओळखली जाते. परंतु या पिकाने बाईच्या कामाचे काय केले, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. पूर्वी खुरपणीचे आठवडेच्या आठवडे बायकांना काम असे. आता तणनाशक आले. पाठीवर पंप घेऊन एक गडी दिवसात जेवढे रान फवारतो, तेवढे खुरपायला दहा-बारा बायका लागत. फवारणी हे गड्याचे काम मानले गेल्यामुळे दहा-बारा बायकांचे काम एका पुरुषाच्या हाती गेले. मळणी यंत्राचेही तेच. बडवण्या-उफणण्याचे काम गेले आणि यंत्राबरोबर येणारी टोळी बहुधा पुरुषांची असते. नवे यंत्र बायकांचे काम खाते आणि त्या यंत्रावरचे नवे काम पुरुषाला देते, हा नियम मुंबईच्या गिरण्यांपासून औसा-निलंग्याच्या रानापर्यंत सारखाच दिसतो.

कौशल्याबद्दलही असेच आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेले ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण एकेकाळी महाराष्ट्रभर गाजले. संकरित कपाशीचे बी तयार करायचे तर फुलाची उमलण्याआधीची कळी ओळखून तिचे पुंकेसर अलगद काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग तिच्यावर लावावा लागतो. नखाचा जरासा धक्का लागला तर कळी वाया. हे काम प्रामुख्याने बायका आणि मुली करत आल्या. एवढ्या नाजूक कामाला ‘हलके काम’ म्हणतात. म्हणजे बाईने केलेले काम कौशल्याचे असले तरी ते कौशल्य तिच्या बोटांत जन्मजातच आहे असे समजायचे, आणि जन्मजात गोष्टीचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत.

सालगड्याची पद्धत तर सर्वांना ठाऊक आहे. पाडव्याला साल ठरते आणि पुढच्या पाडव्यापर्यंत गडी बांधला जातो. या शब्दाला स्त्रीलिंगी रूपच नाही. परंतु त्याच सालात त्याची बायको गोठा झाडते, शेण काढते, मालकाच्या घरी सणावाराला राबते. त्याचे वेगळे काही ठरत नाही. ठरले तर लुगडे-चोळी. साल एकाचे आणि माणसे दोन.

ऊसतोडीत हाच प्रकार जास्त उघडा होतो. मुखेड-कंधार, अहमदपूर-जळकोट भागातील तांड्या-वस्त्यांवरून दिवाळीच्या सुमारास माणसे कारखान्यांकडे निघतात. तिथे मोजणीचे माप आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. तो तोडतो, ती पाचट सोडवते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपाशी नेते. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हाती पडते, फेडायला मात्र दोघे. खाडा झाला की दंड बसतो. पाळीच्या दिवसांत आणि बाळंतपणातही खाडा परवडत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींच्या शस्त्रक्रिया झाल्याचे त्यातून दिसून आले. त्यामागे अनेक कारणे असतील. परंतु ज्या कामात बाईच्या शरीराची गणती अर्ध्या अवजारात होते, तिथे तिच्या दुखण्याला जागा कुठून मिळणार?

आडत, दालमिल आणि एक हिशेब

आता बाजारपेठेत येऊ. लातूर आडतीसाठी आणि दालमिलसाठी प्रसिद्ध आहे. आडतीवर पोते उचलणारा हमाल आहे, माप करणारा आहे, मुनीम आहे. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ सालापासून माथाडी कायदा आहे. लढून मिळवलेला हा कायदा देशात अग्रेसर समजला जातो. त्याच आडतीवर धान्य चाळणाऱ्या, सांडलेले दाणे झाडून गोळा करणाऱ्या बायका असतात. त्यांची मजुरी बहुतेक ठिकाणी रोख रकमेपेक्षा मातेऱ्यावर भागवली जाते. पोते डोक्यावर घेणे हे काम आणि दाणे वेचणे ही ‘मदत’, असा फरक इथे रूढ झाला आहे. धर्माबादच्या मिरची बाजाराच्या भागात गेलात तर देठ खुडणाऱ्या बायका दिसतील. त्यांचा हिशेब किलोवर असतो. हातांची आग मात्र हिशेबात धरली जात नाही.

विभागणी मोजायची कशी, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न असतो. त्यासाठी डंकन या अमेरिकन पती-पत्नी संशोधकांनी १९५५ साली मांडलेला निर्देशांक वापरतात. त्याची रीत अवघड नाही. उदाहरणासाठी एक काल्पनिक दालमिल घेऊ. तिथे ४० पुरुष आणि २० स्त्रिया कामाला आहेत. हमालीला २० पुरुष, यंत्रावर १२ पुरुष, निवडण-झाडलोटीला ४ पुरुष व १८ स्त्रिया, आणि कचेरीत ४ पुरुष व २ स्त्रिया. आता एकूण पुरुषांपैकी किती टक्के कुठे, हे काढा : हमालीत ५०, यंत्रावर ३०, निवडणीत १०, कचेरीत १०. स्त्रियांचे टक्के : शून्य, शून्य, ९० आणि १०. प्रत्येक कामातील फरक काढा : ५०, ३०, ८० आणि शून्य. बेरीज १६०, तिची निम्मे ८०. याचा अर्थ, या मिलमधील स्त्रियांची वाटणी पुरुषांसारखी करायची तर दर शंभरातील ८० बायकांना काम बदलावे लागेल. निर्देशांक शून्य असेल तर विभागणी नाही, शंभर असेल तर संपूर्ण.

खरी गंमत पुढे आहे. याच मिलचा अहवाल कोणी ‘कामगार’ आणि ‘कचेरी’ अशा दोनच रकान्यांत भरला, तर कामगारांत पुरुषांचे ९० टक्के, स्त्रियांचेही ९० टक्के. कचेरीत दोघांचे १०-१०. निर्देशांक शून्य! कागदावर भेदभाव नाहीसा झाला. मिल तीच, माणसे तीच. म्हणून मोठ्या मोठ्या अहवालांतील ‘उद्योग’, ‘सेवा’, ‘शेती’ असे रुंद रकाने पाहून समाधान मानू नये. बँकेत आयुष्य रकाने भरण्यात गेल्यामुळे मला एवढे खात्रीने सांगता येते की, पुष्कळशा गोष्टी रकाना कसा आखला यावरच ठरतात. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८८ साली ‘श्रमशक्ती’ हा अहवाल दिला. त्यात असंघटित क्षेत्रातील स्त्रिया शासकीय आकडेवारीत दिसतच नाहीत, हे मुख्य दुखणे सांगितले आहे.

कायदा आणि संघटित क्षेत्र

संघटित क्षेत्रात ही विभागणी कायद्याने कमी केली असेल असे आपल्याला वाटते. काही बाबतींत केलीही. परंतु काही बाबतींत कायद्यानेच ती घट्ट केली. १९४८ च्या कारखाना कायद्यात एक कलम होते. कापूस दाबण्याच्या कारखान्यात जिथे कापूस पिंजणारे यंत्र चालू असेल तिथे स्त्रिया व मुलांना काम देऊ नये. मात्र यंत्रात कापूस घालण्याची बाजू छतापर्यंतच्या भिंतीने वेगळी केली असेल, तर त्या बाजूला स्त्रियांना ठेवता येईल. चालू यंत्राची साफसफाई, तेल घालणे हेही स्त्रियांना मना होते, रात्रपाळीही मना होती. हेतू संरक्षणाचा होता यात शंका नाही. परंतु ज्याला चालू यंत्राला हात लावता येत नाही तो मेकॅनिक कसा होणार? छतापर्यंतची ती भिंत केवळ विटांची नव्हती. २०२० च्या संहितेने स्त्रीची संमती आणि सुरक्षिततेच्या अटी घालून रात्रपाळी खुली केली आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२० च्या दशकात कामगारांपैकी सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या, त्या बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग या दोन खात्यांत. नवी यंत्रे आली, पाळ्या वाढल्या, तेव्हा ही दोन खातीच आकसली. दुसऱ्या खात्यात बाईला घेण्याची रीत नव्हती. शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आले. विभागणीचे हे तोटे जास्त खोल असतात. एकाच कोनाड्यात कोंबलेले लोक तो कोनाडा पडला की रस्त्यावर येतात.

याच काळात, १९२८ साली, मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेचे विधेयक आले. गिरणीमालकांचा आक्षेप असा की, बाईच्या बाळंतपणाचा खर्च आम्ही का सोसावा. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा देताना दोन गोष्टी सांगितल्या. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे असल्याने या खर्चाचा बराच भार सरकारने उचलावा. पण मालकही मोकळा राहू शकत नाही, कारण ज्या उद्योगांत तो स्त्रियांना घेतो, तिथे पुरुषांना घेण्यापेक्षा त्यात त्याचा फायदा जास्त असतो म्हणून घेतो. हा मुद्दा आजच्या विद्यार्थ्यांनी नीट पाहावा. बाईला काही ठरावीक कामांत घेतले जाते ते तिच्या स्वभावामुळे नव्हे, मालकाच्या हिशेबामुळे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. पुढे १९४४ साली, मजूरमंत्री असताना, युद्धकाळात स्त्रियांना कोळसा खाणीत उतरवण्याच्या निर्णयावर टीका झाली. त्या निर्णयाचे समर्थन अवघड होते, आणि १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा आलीही. परंतु त्या चर्चेत त्यांनी स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व खाणीत लागू केल्याचे आवर्जून सांगितले.

समान वेतनाचा कायदा देशभर आला तो १९७६ साली. २०१९ च्या वेतन संहितेत तो सामावून घेण्यात आला. या कायद्याचे मर्म आणि मर्यादा एकाच शब्दात आहेत : ‘समान’ काम. खुरपणीला गडी नाही आणि फवारणीला बाई नाही, तर तुलना कशाची कशाशी करणार? विभागणी ही वेतनातील भेदभावाची ढाल आहे ती अशी. मुंबईतील एक खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. मॅकिनन मॅकेंझी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर होत्या. तिथे पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा स्त्रियांना कमी पगार होता. कंपनीचे म्हणणे असे की, या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ आहेत, त्या कामावर पुरुष नाहीतच, सबब तुलना होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली हे मान्य केले नाही. हुद्द्याचे नाव वेगळे ठेवून तिथे फक्त बायका बसवल्या म्हणून काम वेगळे होत नाही, प्रत्यक्षात काय करतात ते पाहावे, असा त्या निकालाचा आशय आहे. ऐपत नसल्याची सबबही न्यायालयाने ऐकली नाही.

पण हुद्द्याचे नाव वेगळे ठेवण्याची युक्ती शासनानेही वापरलीच. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या जागा पहिल्यापासून स्त्रियांच्या, आणि त्यांना मिळते ते ‘मानधन’. २००५ नंतर आशा कार्यकर्ती आली, तिला कामागणिक मोबदला. पोलीस पाटलालाही मानधनच असते असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. परंतु पोलीस पाटलाला आपली शेती-दुकान सांभाळून ते पद भूषवता येते. अंगणवाडीच्या बाईला नोंदवह्या, पोषण आहार, लसीकरण, सर्वेक्षण, निवडणुकीची कामे यांतून मान वर करायला सवड नसते. बालसंगोपन हा बाईचा धर्म, म्हणून त्याचा पगार नको, मान पुरे, असा हा हिशेब. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचे सांगितले, तेव्हा या जागांना प्रथमच नोकरीचा वास आला.

बँकेबद्दल थोडे लिहिले पाहिजे. भारतीय स्टेट बँकेच्या अध्यक्षपदी २०१३ साली अरुंधती भट्टाचार्य आल्या, तेव्हा आम्हा सर्वांना आनंद झाला. परंतु शाखाशाखांतून मी जे पाहते ते असे की, परीक्षेतून बायका भरपूर येतात, काउंटर सांभाळतात आणि अधिकारीपदाच्या परीक्षेचा अर्ज आला की निम्म्याहून जास्त जणी तो भरतच नाहीत. पदोन्नतीबरोबर बदली येते. २०१९ च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवताना आढळल्या, आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात ते ९७ मिनिटे. पाच तासांचे हे काम भोकरला किंवा उदगीरला बदली करून नेता येत नाही. उभी विभागणी मुलाखतीच्या खोलीत नव्हे, स्वयंपाकघरात पक्की होते.

बाईतही पायऱ्या

‘स्त्रिया’ असा सरसकट शब्द वापरला की आपल्या वस्तीतील बाई त्यात हरवते. शहरातील घरकामाचे उदाहरण घ्या. धुणीभांडी आणि फरशीला येणारी बाई वेगळी, पोळ्या करायला येणारी वेगळी. पोळ्यांना पैसे जास्त आणि तिथे आडनाव विचारले जाते. शाळेतील खिचडी शिजवण्याच्या कामातही देशाच्या अनेक भागांत हा अनुभव आलेला आहे. म्हणजे ‘बाईचे काम’ म्हणून जे राखीव, त्यातले बरे काम आपल्या बाईला बंद. सफाईत तर जात आणि लिंग दोन्ही मिळून वाटणी झाली : कोरडे संडास मुख्यतः बायकांनी साफ केले, गटारात पुरुष उतरले. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे करूनही हा विषय संपला नाही.

आमच्या पिढीत शिक्षणाने पुष्कळ बदल केला. झाडूवाल्या आईची मुलगी नर्स झाली, शिक्षिका झाली, हे या दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी दिसते आणि त्याचा अभिमान आहे. परंतु सगळ्यांनी मुलींना डी. एड.ला पाठवण्याचा सपाटा लावला आणि २०१० नंतर शिक्षकभरती वर्षानुवर्षे थांबली, तेव्हा हजारो मुली पदविका घेऊन घरी बसल्या. गिरणीतल्या वाइंडिंग खात्याचीच ही गोष्ट, नव्या कपड्यांत. आपल्या समाजातील मंडळेही जयंतीला काय वाटतात? शिलाई मशीन. बचत गटाची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावर येतात त्यांत पापड, शेवया, शेळी आणि शिलाई याबाहेर फारसे काही नसते. पुरुषांच्या अर्जात ऑटो, गॅरेज, वेल्डिंग, मोबाइल दुरुस्ती. शिलाईला माझा विरोध नाही. एका गल्लीत वीस मशीन झाल्यावर ब्लाउजचे दर काय होतात, तेवढे फक्त पाहावे.

दुसरे रस्ते नाहीत असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगाव स्त्रियांना संवाद सहायक नेमले गेले. सिमेंट किती आले, पट्टी कुठे ओतायची, हे त्यांनी शिकून घेतले आणि गवंड्याला जाब विचारला. तोवर बांधकामावर बाईने घमेलेच उचलायचे असते अशी समजूत होती. साताऱ्याच्या सुरेखा यादव इलेक्ट्रिकलची पदविका घेऊन १९८९ साली रेल्वेत सहायक चालक झाल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त होईपर्यंत इंजिन चालवत राहिल्या. आयटीआयमध्ये वायरमन किंवा डिझेल मेकॅनिकच्या वर्गात आपली मुलगी बसवायला बाप तयार होत नाही, ही आज माझ्या मते मोठी अडचण आहे; फी ही नव्हे.

विद्यार्थ्यांना सुट्टीत करता येईल असे एक काम सुचवते. आपल्या गावातील किंवा पेठेतील एकच ठिकाण निवडा : एखादी आडत, जिनिंग, वीटभट्टी, दवाखाना, शाळा. तिथली कामे जितकी बारीक वेगळी करता येतील तितकी करून वहीत लिहा. प्रत्येक कामापुढे पुरुष किती, स्त्रिया किती, आणि मजुरी रोजावर, किलोवर, महिन्यावर की मातेऱ्यावर, हे लिहा. निर्देशांक एकदा बारीक रकान्यांवर काढा, एकदा रुंद रकान्यांवर. मग प्रत्येक बाईला विचारा की पैसे कोणाच्या हातात पडतात, आणि हजेरीच्या वहीत नाव कोणाचे आहे, तिचे की नवऱ्याचे.